उत्तरांच्या नोंदींतून शिकणं मोजताना: एज्युकेशनल डेटा मायनिंगचा पहिला प्रकल्प, पायरी-पायरीने

एज्युकेशनल डेटा मायनिंगमध्ये, म्हणजे शिकण्याच्या नोंदींतून अर्थ शोधणाऱ्या क्षेत्रात, नव्यानं आलेला विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात विचारतो, "कोणतं मॉडेल वापरू?" हा प्रश्न सहाव्या-सातव्या पायरीवरचा आहे. त्याआधीचा प्रश्न साधा आहे आणि तोच बहुतेकांचा सुटून जातो. तक्त्यातली एक ओळ म्हणजे नेमकं काय घडलं? मुलानं एक पूर्ण गणित सोडवलं, गणिताचा एक तुकडा सोडवला, की फक्त मदतीचं बटण दाबलं? इथं गफलत झाली की पुढचं सगळं गणित नीटनेटकं होतं, पण ते भलत्याच गोष्टीचं होतं.

हा लेख एकाच खुल्या डेटासेटच्या आधारानं जातो: असिस्टमेंट्स २००९-१०. असिस्टमेंट्स ही अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वूस्टर पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूटमध्ये नील आणि क्रिस्टिना हेफरनन यांनी उभी केलेली गणिताची प्रणाली. शाळेतली मुलं तिच्यावर सराव करतात, अडली की हिंट मागतात, चुकली की प्रणाली गणिताचे लहान तुकडे करून विचारते. यातल्या 'स्किल बिल्डर' संचात एकाच कौशल्यावरची गणितं एकामागून एक येतात. साधारणपणे सलग तीन बरोबर आली की मूल त्या संचातून मोकळं होतं. हा 'सलग तीन'चा नियम लक्षात ठेवा, पुढं तो फार छळणार आहे.

पहिल्या प्रकल्पाला हाच डेटा घ्यावा, याला कारणं आहेत. मूळ फाइल सुमारे सव्वापाच लाख ओळींची आहे, म्हणजे साध्या लॅपटॉपवर उघडते. शेकडो शोधनिबंधांत ती वापरली गेल्यामुळे तुमचे आकडे कुणाच्या तरी आकड्यांशी पडताळून बघता येतात. शिवाय तिच्यातले दोष उघडपणे नोंदलेले आहेत. ज्याचे दोष माहीत आहेत असा डेटा नवशिक्याला स्वच्छ डेटापेक्षा जास्त शिकवतो.

पायरी १: प्रश्न इतका लहान करा की तो एका सत्रात सुटेल

"विद्यार्थी कसे शिकतात?" हा संशोधनाचा प्रश्न होत नाही. "हिंट मागितलेला प्रयत्न सरळ 'चूक' न धरता वेगळा धरला, तर त्याच कौशल्यावरच्या पुढच्या उत्तराचा अंदाज सुधारतो का?" हा होतो. यात काय बदलायचं, कशाशी तुलना करायची आणि सुधारणा कशानं मोजायची, तिन्ही ठरलेलं आहे.

प्रश्न लिहितानाच आणखी एक ठरवा: तुम्ही मापन करताय की माग काढताय? मापनाची परंपरा परीक्षांतून आली. डॅनिश गणिती गेऑर्ग राश यांचं मॉडेल १९६० मधलं आहे. परीक्षा चालू असताना मुलाची क्षमता बदलत नाही, हे त्यात गृहीत असतं. ज्ञानाचा माग काढणारी मॉडेलं याच्या उलट टोकाची. कॉर्बेट आणि अँडरसन यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९०च्या दशकाच्या मध्याला मांडलेलं बेजियन नॉलेज ट्रेसिंग, म्हणजे बीकेटी, प्रत्येक प्रयत्नानंतर मूल शिकलं असू शकतं असं मानतं. सरावाच्या नोंदींना परीक्षेचं मॉडेल लावलं तर शिकणं हा निव्वळ गोंगाट ठरतो. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेला माग काढणारं मॉडेल लावलं तर जे शिकणं झालंच नाही ते दिसायला लागतं.

पायरी २: परवानगी आधी, डाउनलोड नंतर

डेटातली नावं काढून टाकलेली असली तरी आपल्या संस्थेच्या नीतिमत्ता समितीला विचारा. बहुतेक ठिकाणी अशा खुल्या डेटासाठी एक छोटा अर्ज पुरतो, पण तो आधी करायचा असतो. निबंध स्वीकारला गेल्यावर मागची तारीख टाकून परवानगी मिळत नाही. पिट्सबर्गच्या डेटाशॉपमधले, म्हणजे शिकण्याच्या नोंदींच्या तिथल्या भांडारातले, संच घेणार असाल तर प्रत्येक संचाच्या अटी वेगळ्या असतात, त्या वाचा. नाव नसलेल्या नोंदींतून मूल ओळखण्याचा प्रयत्न करू नका, 'गंमत म्हणून'ही नाही.

महाराष्ट्रातल्या शाळेत स्वतः डेटा गोळा करणार असाल तर मामला जास्त जड आहे. डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल आहे आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. मुख्याध्यापकांची सही ही पालकांची संमती नव्हे. संमतीपत्र मराठीत, पालकांना वाचता येईल अशा भाषेत लिहा. या कामाला दोन महिने धरा.

पायरी ३: एका मुलाच्या ओळी डोळ्यांनी वाचा

फाइल उघडताना पायथननं अक्षरांच्या एन्कोडिंगची तक्रार केली तर लॅटिन-१ एन्कोडिंग द्या. या फाइलला ते लागतं. मग आकडेवारी काढायच्या आधी कुठलंही एक मूल निवडा, त्याच्या ओळी ऑर्डर-आयडीच्या क्रमानं लावा आणि पहिल्या पन्नास ओळी कागदावर काढून वाचा.

समजा, एका मुलाच्या लागोपाठ दोन ओळी अशा आहेत. पहिली: मुख्य गणित, बरोबर = ०, प्रयत्न १, हिंट ४, शेवटची हिंट पाहिली = १, पहिल्या कृतीला लागलेला वेळ २,००० मिलिसेकंद. दुसरी: मुख्य गणित, बरोबर = ०, प्रयत्न २, हिंट ०, पहिल्या कृतीला ४१,००० मिलिसेकंद.

'बरोबर' या रकान्यात दोन्हीकडे शून्य आहे. पण घडलं काय? पहिल्या ओळीतल्या मुलानं गणित वाचलंच नाही. दोन सेकंदांत हिंटचं बटण दाबलं, चारही हिंट पटापट उघडल्या, शेवटच्या हिंटमध्ये उत्तर असतं ते टाइप केलं आणि पुढं गेलं. दुसऱ्या ओळीत त्यानं पाऊण मिनिट विचार केला, एकदा चुकलं आणि दुसऱ्या प्रयत्नात स्वतः दुरुस्त केलं. पहिल्या वागण्याला या क्षेत्रात 'गेमिंग द सिस्टिम' म्हणतात. रायन बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ पासून त्याचा बारकाईनं अभ्यास केला आहे. मॉडेलला हा फरक सांगायचा की नाही हे तुम्ही ठरवायचं, पण फरक आहे हे कळायला ओळी वाचाव्या लागतात.

या डेटात 'बरोबर = १' याचा अर्थ पहिल्याच प्रयत्नात, हिंट न घेता बरोबर असा आहे. बाकी सगळं शून्य. ही व्याख्या प्रबंधाच्या पहिल्या पानांत लिहा.

वेळेच्या रकान्याबद्दल एक सावधगिरी. मुलं टॅब उघडा ठेवून जेवायला जातात, त्यामुळे तासातासाच्या वेळा सापडतात. सरासरी काढू नका, मध्यक घ्या. मॉडेलमध्ये वेळ घालायची असेल तर आधी वरची मर्यादा ठरवा, उदाहरणार्थ ५ मिनिटं, मग लॉगरिदम घ्या, आणि किती ओळींना ही मर्यादा लागली तो आकडा द्या. ऋण किंवा शून्य वेळ आली तर ती नोंद बिघडलेली समजा.

पायरी ४: सफाई, आणि प्रत्येक टप्प्यावर ओळींची मोजणी

संशोधनाचा अर्धा वेळ इथं जातो आणि जायलाच हवा. वहीत एक तक्ता आखा: टप्पा, काढलेल्या ओळी, उरलेल्या ओळी, उरलेले विद्यार्थी. हाच तक्ता पुढं निबंधात जातो.

पहिल्यांदा हुबेहूब दुबार ओळी काढा. या डेटाच्या मूळ आवृत्तीत त्या मोठ्या संख्येनं होत्या. नंतर आलेली दुरुस्त आवृत्ती सुमारे चार लाख ओळींची आहे, तीच घ्या. तरीही दुबार ओळी स्वतः तपासा, कारण एका मित्राकडून दुसऱ्याकडे फिरलेली फाइल कोणत्या आवृत्तीची आहे हे नावावरून कळत नाही.

मग स्कॅफोल्ड ओळी. 'ओरिजिनल' रकान्यात ० असलेली ओळ म्हणजे मुख्य गणित चुकल्यावर किंवा मुलानं ते तोडून मागितल्यावर आलेला तुकडा. अशी ओळ दिसणं हीच बातमी आहे: आधीचं गणित धड सुटलेलं नाही. ती मुख्य गणितांत मिसळली की मॉडेलला गणिताविषयी काही न कळताही अंदाज बांधता येतो. पहिल्या प्रकल्पात फक्त ओरिजिनल = १ ठेवा.

ज्या ओळींना कौशल्याचं नावच नाही त्या कौशल्यावर चालणाऱ्या मॉडेलांतून काढाव्या लागतात. किती गेल्या ते मात्र लिहा. काही शोधनिबंधांत या ओळी 'अनामिक' नावाच्या एका कौशल्यात कोंबलेल्या असतात. तसं करू नका, शंभर वेगवेगळी कौशल्यं एक असल्याचं भासवलं जातं.

आता सगळ्यात महागडी चूक. एका गणिताला दोन कौशल्यं लागत असतील, समजा अपूर्णांकांची बेरीज आणि लसावि, तर या फाइलमध्ये तेच उत्तर दोन ओळींत येतं: ऑर्डर-आयडी एकच, 'बरोबर'चा आकडा एकच, फक्त कौशल्य वेगळं. क्रमानं वाचणाऱ्या मॉडेलला पहिली ओळ मिळते, मूल बरोबर आलं. लगेच दुसऱ्या ओळीचा अंदाज विचारला जातो, आणि ती ओळ म्हणजे पहिलीचीच सावली असते. मॉडेल पटकन शिकतं: मागचंच उत्तर पुन्हा सांग.

ही भीती कल्पनेतली नाही. २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या गटानं न्यूरल नेटवर्कवर आधारलेलं डीप नॉलेज ट्रेसिंग मांडलं, आणि याच डेटावर एयूसी ०.८६ नोंदवला. एयूसी म्हणजे बरोबर आणि चूक उत्तरं मॉडेल किती नीट वेगळी ओळखतं याचा आकडा: ०.५ म्हणजे नाणेफेक, १ म्हणजे अचूक. त्या काळच्या आकड्यांच्या मानानं ही मोठी झेप होती. पुढच्याच वर्षी वूस्टरच्या संशोधकांनी दुबार ओळी, स्कॅफोल्ड आणि दुहेरी कौशल्यं यांची सफाई करून तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा आकडा ०.७५ च्या आसपास आला. ते मॉडेल वाईट ठरलं असा याचा अर्थ नाही. त्यानं खूप चांगलं काम पुढं घडवून आणलं. पण झेपेतला मोठा भाग तक्त्याच्या रचनेतून आलेला होता.

उपाय दोन आहेत. एक, दोन्ही कौशल्यं जोडून एक संयुक्त कौशल्य करा आणि ओळ एकच ठेवा. दोन, बहुकौशल्य गणितं बाजूला काढा. पहिला उपाय बहुधा बरा, पण संयुक्त कौशल्यांची संख्या वाढते आणि काहींना जेमतेम दहा-वीस ओळी मिळतात. अशा विरळ कौशल्यांसाठी किमान मर्यादा ठरवा आणि ती आधीच लिहून ठेवा, निकाल बघून नाही.

पायरी ५: शिकण्याचा आलेख, आणि तो खाली का जातो

प्रत्येक मुलासाठी, प्रत्येक कौशल्यात, पहिलं गणित, दुसरं गणित, तिसरं असे क्रमांक द्या. सफाईनंतर हे क्रमांक नव्यानं मोजा, फाइलमधला तयार रकाना आता जुना झालेला असतो. मग प्रत्येक क्रमांकावर किती टक्के उत्तरं बरोबर आली तो आलेख काढा. सरावानं टक्केवारी चढेल अशी अपेक्षा असते. पुष्कळदा ती उतरते. नवशिके इथं घाबरतात, किंवा "सरावानं मुलं मागं पडतात" असा निष्कर्ष काढून मोकळे होतात.

सलग तीनचा नियम आठवा. समजा वर्गात १०० मुलं आहेत. ६० मुलांना कौशल्य येतं, ती दर गणिताला ९० टक्के वेळा बरोबर येतात. ४० मुलांना येत नाही, ती ४० टक्के वेळा बरोबर येतात. कुणीही काही शिकत नाही आणि विसरतही नाही असं धरू. पहिल्या गणिताला एकूण ७० टक्के बरोबर. तीन गणितं झाली की येणाऱ्यांपैकी ७३ टक्के, म्हणजे सुमारे ४४ मुलं, सलग तीन बरोबर करून बाहेर पडतात. न येणाऱ्यांपैकी जेमतेम तीन. चौथ्या गणिताला उरली १६ येणारी आणि ३७ न येणारी. त्यांची टक्केवारी काढा: ५५. मुलं होती तशीच आहेत, पण आलेख ७० वरून ५५ वर उतरला.

म्हणून आलेखाच्या प्रत्येक बिंदूखाली त्या बिंदूवर किती मुलं उरली तो आकडा छापा. मग मुलांचे गट पाडा: एकूण ३ गणितं केलेली, ४ ते ६, ७ ते १०, त्याहून जास्त. प्रत्येक गटाचा आलेख वेगळा काढा. याहून चांगलं म्हणजे प्रत्येक मुलाची स्वतःची सुरुवातीची पातळी मानणारं लॉजिस्टिक मॉडेल. अ‍ॅडिटिव्ह फॅक्टर मॉडेल हेच करतं. त्यात मुलाची पातळी, कौशल्याची सोपेपणाची पातळी आणि कौशल्यावर झालेला सराव अशा तीन गोष्टींची बेरीज असते.

आलेख करवतीसारखा वरखाली जात असेल तर कौशल्याचं लेबल तपासा. 'क्षेत्रफळ' या एका नावाखाली चौरस आणि समलंब चौकोन दोन्ही असतील तर तसं होतं. अशा वेळी मॉडेल बदलू नका, लेबल फोडा.

पायरी ६: साधे प्रतिस्पर्धी

कुठल्याही भारी मॉडेलआधी तीन साधे आकडे काढा. सगळ्यांना 'बरोबर' म्हटलं तर किती जमतं. प्रत्येक गणिताची, सरावसंचातून (म्हणजे मॉडेल ज्यावर शिकतं त्या भागातून) काढलेली, सरासरी वापरली तर किती जमतं. आणि मुलाची त्या कौशल्यातली आधीची बरोबर व चूक उत्तरं मोजून साधं लॉजिस्टिक रिग्रेशन लावलं तर किती. तिसऱ्याला परफॉर्मन्स फॅक्टर्स अ‍ॅनालिसिस म्हणतात, ते २००९ मध्ये मांडलं गेलं आणि आजही त्याला हरवणं सोपं नाही. तुमचं नवं मॉडेल त्याला ०.००५ एयूसीनं हरवत असेल तर तो फरक खरा आहे का, हे नवव्या पायरीत बघायचं आहे.

पायरी ७: बीकेटी, आधी हातानं

बीकेटीत प्रत्येक कौशल्याला चार आकडे असतात. सुरुवातीलाच येत असण्याची शक्यता, प्रत्येक संधीला शिकण्याची शक्यता, न येताही बरोबर येण्याची म्हणजे अंदाजपंचेची शक्यता, आणि येत असूनही चुकण्याची म्हणजे निसटण्याची शक्यता. सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी एक मूल कागदावर चालवा.

सुरुवात ०.३०, शिकणं ०.१०, अंदाज ०.२०, निसटणं ०.१० घ्या. मुलाची उत्तरं: चूक, बरोबर, बरोबर, बरोबर.

पहिलं चूक. येत असूनही चुकण्याचा वाटा ०.३० × ०.१० = ०.०३. येत नाही म्हणून चुकण्याचा वाटा ०.७० × ०.८० = ०.५६. येत असण्याची शक्यता ०.०३ भागिले ०.५९, म्हणजे ०.०५. आता शिकण्याची संधी: उरलेल्या ०.९५ चा दहावा भाग मिळवा, ०.१५ च्या किंचित खाली आलं. पुढं बरोबर: येत असून बरोबर ०.१४६ × ०.९० = ०.१३१, न येता बरोबर ०.८५४ × ०.२० = ०.१७१. भागाकार ०.४३, शिकण्याची भर घालून ०.४९. पुन्हा बरोबर: ०.८१, भर घालून ०.८३. तिसऱ्यांदा बरोबर: ०.९६.

कौशल्य पक्कं झालं असं मानण्याची रूढ रेघ ०.९५ आहे. म्हणजे या आकड्यांनी एका चुकीनंतर सलग तीन बरोबर आली की मूल रेघ ओलांडतं. असिस्टमेंट्सचा सलग तीनचा नियम आणि हे गणित इथं एकमेकांच्या जवळ येतात. अंदाजाचा आकडा ०.३० करून हेच पुन्हा करा, तीन पुरत नाहीत. हे हातानं केलं की आकडे काय करतात ते अंगवळणी पडतं.

आता सॉफ्टवेअर. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार झालेलं पायबीकेटी हे मोफत पायथन पॅकेज घ्या. शोध यादृच्छिक ठिकाणाहून सुरू होतो आणि कुठल्या तरी खड्ड्यात अडकू शकतो, म्हणून दर कौशल्याला किमान २० वेळा नव्यानं सुरुवात करायला लावा आणि सीड, म्हणजे ती यादृच्छिक सुरुवात ठरवणारा आकडा, लिहून ठेवा. निकाल आला की आधी एयूसी बघू नका. आधी चार आकड्यांचा तक्ता बघा. अंदाज किंवा निसटणं ०.५० च्या वर गेलं असेल तर ते कौशल्य बिघडलेलं समजा. दोघांची बेरीज १ च्या वर गेली तर अनर्थ होतो. उदाहरणार्थ अंदाज ०.५०, निसटणं ०.६०, सुरुवात ०.५०. मूल बरोबर आलं, तर येत असण्याची शक्यता ०.२० भागिले ०.४५, म्हणजे ०.४४. मूल बरोबर आल्यामुळे मॉडेलचा त्याच्यावरचा विश्वास कमी झाला! पुढचं उत्तर चांगलं वर्तवणारं, पण अर्थ उलटा असलेलं हे मॉडेल शिक्षकासमोर ठेवलं तर त्या मुलाचं नुकसान होईल. कॉर्बेट आणि अँडरसन यांनी अंदाजाला ०.३० आणि निसटण्याला ०.१० ची मर्यादा घातली होती. इतकी कडक नको असेल तर ०.५० ठेवा, पण मर्यादा ठेवा.

वेगवेगळ्या चार आकड्यांचे संच जवळजवळ तेच अंदाज देऊ शकतात, हेही बीकेटीचं जुनं दुखणं आहे. म्हणून "या कौशल्यात शिकण्याचा वेग ०.१४ आहे" असं वाक्य लिहिण्याआधी वीस सुरुवातींतल्या सगळ्यात चांगल्या पाच निकालांत तो आकडा किती हलतो ते बघा.

पायरी ८: मापनाची बाजू

तुमच्याकडे पूर्वचाचणी किंवा उत्तरचाचणी असेल तर तिथं आयटम रिस्पॉन्स थिअरी लागते, म्हणजे मुलाची क्षमता आणि प्रश्नाचं काठिण्य एकत्र मोजणारी पद्धत. राश मॉडेल तिच्यातलंच. आर भाषेतलं मर्ट पॅकेज पुरेसं आहे. राश मॉडेलमध्ये क्षमता आणि काठिण्य एकाच मापपट्टीवर असतात. दोन्ही सारखी तर बरोबर येण्याची शक्यता ५० टक्के, क्षमता एक लॉजिटनं (या मापपट्टीचं एकक) जास्त तर ७३, दोननं जास्त तर ८८. मुलांची संख्या अंगठ्याच्या नियमानं: राशला १०० ते २००, भेदकता (प्रश्न येणाऱ्या आणि न येणाऱ्या मुलांना किती वेगळं करतो) मोजणाऱ्या दोन-घटकी मॉडेलला ५००, अंदाजपंचे बरोबर येण्याचा घटक घालायचा तर १,००० च्या वर.

मॉडेलआधी प्रत्येक प्रश्नाचं गुण आणि एकूण गुण यांचा सहसंबंध काढा. एकूण गुणांतून तो प्रश्न वगळूनच काढा. ०.२० च्या खाली असेल तर प्रश्न वाचा. ऋण असेल तर दहातल्या बऱ्याच वेळा उत्तरसूचीत चूक असते: अचूक पर्याय 'ब', सूचीत 'क'.

२० प्रश्नांच्या चाचणीतून काय कळू शकतं, याचा हिशेब आधीच करून ठेवा. सगळे प्रश्न मुलाच्या पातळीला नेमके जुळले तरी राश मॉडेलमध्ये दर प्रश्नाची माहिती जास्तीत जास्त ०.२५, वीस प्रश्नांची ५, आणि प्रमाण त्रुटी सुमारे ०.४५ लॉजिट. दोन मुलांत अर्ध्या लॉजिटचा फरक दिसला तर तो या चाचणीच्या आवाक्याबाहेरचा आहे. हा हिशेब चाचणी घेण्याआधी केला तर प्रश्न वाढवता येतात, नंतर काहीच करता येत नाही.

एकाच उताऱ्यावरचे किंवा एकाच गणिताचे तुकडे असलेले प्रश्न एकमेकांना चिकटलेले असतात. मॉडेल काढून उरलेल्या अवशेषांचा सहसंबंध ०.२० च्या वर गेला तर ते एक गट म्हणून गुणांकित करा.

पायरी ९: तपासणी

विभागणी मुलांनुसार करा, ओळींनुसार नाही. एका मुलाच्या काही ओळी सरावात आणि काही तपासणीत गेल्या तर मॉडेल त्या मुलाला आधीच ओळखतं. पाच भाग करा, प्रत्येक मूल एकाच भागात. निष्कर्ष नव्या शाळांना लावायचा असेल तर शाळेनुसार विभागा. आकडा खाली येईल, आणि तोच खरा असेल.

एयूसी ०.९५ च्या वर आला तर आनंद नंतर करा. जवळजवळ नक्की गळती आहे. या डेटात ती बहुधा प्रयत्न आणि हिंट यांच्या रकान्यांतून होते: ज्या ओळीचा अंदाज करायचा तिचेच हे रकाने मॉडेलला दिले, तर 'प्रयत्न १, हिंट ०' यातून उत्तर जवळपास उघडंच पडतं. मागच्या ओळींचे द्या, चालू ओळीचे कधीही नाही.

सगळी कौशल्यं एकत्र करून काढलेला एयूसी फुगतो, कारण कुठलं कौशल्य सोपं आहे एवढं माहीत असण्याचेही गुण मिळतात. प्रत्येक कौशल्याचा वेगळा एयूसी काढून त्यांचा मध्यकही द्या. सोबत वर्गमूळ सरासरी वर्ग त्रुटी द्या, कारण एयूसी फक्त क्रम बघतो, शक्यतेचा आकडा खरा आहे का ते बघत नाही. दोन मॉडेलांतल्या फरकासाठी मुलं पुन्हा पुन्हा निवडून १,००० बूटस्ट्रॅप करा आणि फरकाची व्याप्ती द्या. तिच्यात शून्य येत असेल तर "सुधारणा झाली" हे शब्द वापरू नका.

स्वतःचा मराठी डेटा असेल तर

वरचं सगळं लागू आहेच, पण दोन गोष्टी मराठीतच घडतात.

पहिली अंकांची. मूल '१२' लिहितं, उत्तरसूचीत इंग्रजी अंकांतला 12 असतो. प्रणाली दोन्ही मजकूर म्हणून ताडून बघते आणि बरोबर उत्तराला चूक ठरवते. पायथनमध्ये मजकुराचा पूर्णांक केला की देवनागरी अंकही नीट वाचले जातात, पण मजकूर म्हणून तुलना केली तर ते वेगळेच राहतात. तपासणी सोपी आहे: देवनागरी अंकांत आलेली सगळी उत्तरं वेगळी काढा आणि त्यांतली किती 'चूक' ठरली ते बघा. टक्केवारी शंभराच्या जवळ असेल तर दोष मुलांचा नाही. हे न पकडता बीकेटी लावलं तर देवनागरीत लिहिणाऱ्या मुलांना काहीच येत नाही असं मॉडेल सांगेल. ती मुलं बहुधा मराठी माध्यमातली असतील. शब्दांच्या उत्तरांतही तेच: 'ऱ' एका संकेतानं लिहिता येतो किंवा र आणि नुक्ता अशा दोन संकेतांनी, पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. तुलनेआधी सगळा मजकूर युनिकोडच्या एनएफसी रूपात आणा. जोडाक्षरांत लपलेली अदृश्य जोडचिन्हं वेगळी काढा, ती एनएफसीनं जात नाहीत.

दुसरी माध्यमाची. चाचणीत मराठी आणि इंग्रजी माध्यमाची मुलं असतील तर प्रत्येक प्रश्न दोन्ही गटांना सारखा वागवतो का ते मँटेल-हेन्झेल पद्धतीनं बघा. एकूण गुण सारखे असलेल्या मुलांची आपापसांत तुलना करायची. गट नुसते शेजारी ठेवून टक्केवारी बघायची नाही. निकाल डेल्टा मापपट्टीवर आणा. एकाच्या आतला फरक क्षुल्लक धरतात. दीड किंवा जास्त आणि सांख्यिकीदृष्ट्या एकाहून स्पष्टपणे मोठा असेल तर प्रश्न बाजूला काढून वाचतात. दीड डेल्टा म्हणजे बरोबर-चूक प्रमाणात जवळजवळ १.९ पट फरक. असा प्रश्न हाती आला की दोन्ही माध्यमांच्या एकेका शिक्षकाला बोलवा, दोन्ही भाषांतला प्रश्न मोठ्यानं वाचायला लावा आणि कुठल्या शब्दाशी ते अडखळतात ते लिहून घ्या.